किटली थांबली तेव्हा

एखादा प्रोग्राम कधी तरी थांबेल की अनंतकाळ चालत राहील, हे दर वेळी अचूक सांगणारा संगणक बनवता येत नाही, हे मामांनी वर्गात वीस वर्षे शिकवले. मग निवृत्तीला वर्ष उरले असताना तेच सांगणारे उपकरण बांधायला घेतले. "वीज संगणकासारखी एकेक पायरी मोजत चालत नाही, म्हणून त्याची मर्यादा तिला लागू नाही," असे त्यांचे म्हणणे. उपकरणाचा काटा उजवीकडे झुकला तर प्रोग्राम थांबणार; जागचा हलला नाही तर नाही.

एकशे बारा चाचण्या, एकशे बारा उत्तरे बरोबर. नोंदवही भाचीच्या हातची. ती त्यांच्याच प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. प्रत्येक प्रोग्राम त्याच क्षणी शेजारच्या खोलीतल्या मोठ्या संगणकावरही चालवायचा आणि पाच मिनिटांनी काटा बघायचा, हा काटेकोर नियम तिनेच घातला होता.

आज तीन वाजता परीक्षकांची समिती येणार होती. तिच्यासाठी मोठा संगणक सभागृहात हलवला होता आणि कॉफीसाठी विजेची किटली प्रथमच या खोलीत आणली होती. भाचीने सहज एक प्रोग्राम उपकरणाला दिला. पाणी उकळले तशी किटली खट्‌कन बंद झाली. काटा उजवीकडे झुकला.

"मामा, हे बघा."

"थांबणार म्हणतोय. थांबू दे की बिचाऱ्याला."

"अहो, हा दोन ओळींचा आहे! दुसरी ओळ म्हणते, पहिलीवर जा. हा कसला थांबतोय!"

मामांचे हसू विरले. त्यांनी किटली पुन्हा चालू केली. काटा मागे सरला. बंद केली, झुकला. तिसऱ्यांदाही तेच.

भाचीची नजर भिंतीवरच्या तारेच्या मागोमाग शेजारच्या खोलीपर्यंत गेली. दोन्ही खोल्यांना वीज एकाच तारेतून येत होती. मोठ्या संगणकाचे काम संपले की तारेवरचा भार हलका होई, आणि काटा तेवढेच टिपत होता. थांबून झालेले तो सांगत होता. थांबणार असलेले कधीच नाही. वहीत उत्तराचा रकाना होता, काटा कधी झुकला त्या वेळेचा नव्हता.

"माझाच नियम, मामा," ती कशीबशी म्हणाली.

"तुझ्या नियमाने मी एकशे बारा वेळा हुरळलो. वेळ विचारायची अक्कल मला नको होती?"

बाहेर पावले वाजली. भाचीने किटलीची वायर काढायला हात पुढे केला.

"राहू दे," मामा म्हणाले. चेहरा पांढराफटक, पण आवाज वर्गातला. त्यांनी किटलीत पाणी ओतले आणि दार उघडले. "या, बसा. आधी कॉफी करतो. तोवर त्या काट्यावरची नजर हलवू नका."