डागाखालचा उतार

मित्रांनो, मी एक जुने छापचित्र आहे, आणि तेही डाग पडलेले. त्या डागाची लाज वाटणे मी केव्हाच सोडून दिले आहे.

माझा जन्म दगडातून झाला. आमच्या बर्फाळ किनाऱ्यावरच्या वस्तीत एका लाकडी खोपटात चित्रे छापली जात. इलिसापीने मला रेखाटले. पुरे होत आलेले बर्फाचे घर, बाहेरून फटी लिंपणारी एक मुलगी आणि माथ्यावरच्या भोकातून वर आलेला, बर्फ कापायची सुरी धरलेला एक हात. बांधणारा आतच उभा असतो, म्हणून त्याचा चेहरा दिसत नाही. ती मुलगी म्हणजे इलिसापी स्वतः आणि तो हात तिच्या थोरल्या भावाचा, नौयाकचा. बऱ्याच वर्षांपूर्वी तो शिकारीला गेलेला असताना समुद्रावरचा बर्फ फुटला आणि तो परत आला नाही. त्याचा एकही फोटो नव्हता.

चित्र दगडात कोरले गेले. छपाई करणारा पाउलूसी त्याला शाई फासून, वर पातळ कागद अंथरून चमच्याच्या पाठीने घासत असे. नेमकी माझ्या वेळी त्याला शिंक आली. शाईचा हात माझ्यावर पडला आणि घराच्या पायथ्याशी हा काळा डाग उमटला.

"गेलं वाया! फाडायला हवं. नियमच आहे बाई," पाउलूसी म्हणाला.

"माझ्या दादाला फाडतोस? हात तर लावून बघ!"

"बरं बरं, ने घरी. पण कुणाला सांगू नकोस. फुकट चित्रासाठी सगळे माझ्या शिंकेची वाट बघत बसतील."

माझी चांगली भावंडे दक्षिणेकडच्या शहरांत विकली गेली. नव्या चित्रासाठी दगडही घासून सपाट केला गेला. गावात उरले ते फक्त मी.

किती चांगले दिवस होते ते! मी जेवणाच्या मेजाच्या वर भिंतीवर टांगलेले असे. खाली सीलच्या मांसाचा रस्सा वाफाळे, येणारेजाणारे चहा पीत माझे कौतुक करत. मग टीव्ही आला आणि माझी जागा गेली. एका हिवाळ्यात खिडकी तडकली, तेव्हा इलिसापीच्या लेकीने, मियालीने, मला घडी घालून फटीत कोंबले. मी रडले असते, पण शाई ओघळली असती.

पुढे मियालीला मुलगी झाली. तिला नौयाकचे नाव दिले. आमच्याकडे गेलेल्याचे नाव बाळाला दिले की ते माणूसच परत आले असे मानतात. त्यामुळे इलिसापी त्या चिमुरडीला 'दादा' म्हणू लागली. मियाली पोरीवर ओरडली की म्हातारी डोळे वटारी.

"मामाशी असं बोलतात का गं?"

"मामाने आधी पायमोजे उचलावेत!"

त्या पोरीनेच मला फटीतून ओढून काढले, गादीखाली ठेवून सरळ केले. "हा माझा हात आहे," असे ती मैत्रिणींना ऐटीत सांगे.

मग इलिसापीच्या डोळ्यांपुढे धुके दाटू लागले. एकदा ती म्हणाली, "पार अंधार व्हायच्या आत मला एकदा बर्फाच्या घरात बसायचंय. भिंतीतून उजेड झिरपताना बघायचाय." पण ते बांधणारे घरात होते कोण? मियाली लाकडी घरातच वाढलेली.

"मी बांधते," नौयाक म्हणाली.

मला कोटात घालून, आजीला बर्फगाडीवर बसवून ती निघाली. माझ्याकडे बघत तिने बर्फाच्या विटा कापल्या, एका रांगेवर दुसरी सपाट रांग रचली. भिंत खांद्याएवढी झाली, आत कलली आणि तिच्या अंगावर कोसळली. दुसऱ्यांदाही तेच. सूर्य खाली चालला होता. तिने सुरी फेकली.

"या चित्रात सगळं नाहीच आहे! खाली नुसता डाग!"

मित्रांनो, तेव्हा मला माझी फार लाज वाटली. बांधकामाचे मर्म नेमके त्या डागाखाली होते.

इलिसापी उतरली. हातमोजा काढून तिने उरलेली रांग चाचपली.

"काय रे दादा, पहिली रांग उतरती तासायची विसरलास? तूच तर मला शिकवलंस! जमिनीपासून चढ घ्यायचा आणि गोल गोल वर जायचं. म्हणजे प्रत्येक वीट आधीच्या विटेला टेकते."

नौयाकने नाक पुसले. "विसरलो होतो गं. खूप दिवस झाले ना."

या वेळी घर चढत गेले. आत नौयाक, बाहेर फटी लिंपणारी इलिसापी. शेवटी माथ्याच्या भोकातून सुरी धरलेला हात वर आला. इलिसापी क्षणभर थांबली आणि मग तिने तो दोन्ही हातांनी धरला.

शेवटची वीट बसली, दार कापले गेले, म्हातारी रांगत आत आली. मावळतीचा उजेड भिंतींतून झिरपत होता. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने पोरीचा चेहरा ओंजळीत धरून डोळ्यांजवळ आणला.

"चेहरा विसरले होते रे मी तुझा. म्हणून चित्रात काढला नाही, दादा."

आता इलिसापी नाही. मी नौयाकच्या घरी, पुन्हा मेजाच्या वर टांगलेले आहे. मित्रांनो, तुमच्याही घरात असे एखादे मळके चित्र असेल. त्याला घडी घालून कुठे कोंबू नका. आणि डागाखाली काय होते, ते सांगणारे माणूस आहे तोवर विचारून घ्या.

गेल्या वसंतात नौयाकला मुलगी झाली. तिचे नाव इलिसापी. नौयाक तिला कडेवर घेऊन माझ्यासमोर उभी राहते आणि म्हणते, "ए धाकटे, सांग बघू, या डागाखाली काय आहे?"