लाल मातीवरचं टमरेल

मी टमरेल. हसलात तरी चालेल. चारचौघांत माझं नाव कोणी घेत नाही. "जरा बाहेर जाऊन येतो," एवढंच म्हणतात. त्या 'बाहेर'मध्ये मी असतो.

मुळात मी वनस्पती तुपाचा डबा. मोखाड्याच्या बाजारात एका पत्रेवाल्याने माझा काठ आत वळवला, डाख देऊन मूठ जोडली आणि मला उन्हात मांडलं. पोशीने मला उचललं, बोटाने ठोकून पाहिलं, आत फुंकर मारली. तेव्हापासून मी तिच्या घराचा. म्हणजे घराबाहेरचा. कुडाबाहेरच्या खुंटीवर माझी जागा.

मला सगळं आठवतं ते धुक्यातून. पहाटे दरीत धुकं एवढं साचायचं की डोंगर दुधात बुडालेल्या ढेकळांसारखे दिसायचे. मोहाच्या फुलांचा गोड, जड वास यायचा. अशा वेळी माणूस कोणाचाच नसतो. पोशी स्वतःशी गुणगुणायची, कधी रडूनही घ्यायची. तिचा नवरा लाडक्या शीळ घालायचा. बाप्ये एकेका करवंदीच्या जाळीमागे बसत आणि एकमेकांचं तोंड न पाहता बैलांपासून सोयरिकीपर्यंत सगळं बोलत.

मग लाडक्याची शीळ थांबली. बत्तीस वर्षांचा गडी, पण बसला की उठेना. घरी परतला की पुन्हा माझ्याकडे हात.

"काय रं लाडक्या, घर बांधतो काय तिथं?" पलीकडच्या जाळीमागून शेजारचा तुका ओरडायचा.

"बांधतो ना. तुला ओटीवर जागा देतो."

आवाज हसरा असायचा. कपाळावर मात्र घाम.

आमच्याकडची माती लाल. तिच्यावर लाल पडलं तर दिसत नाही. ते दिसलं त्या हिवाळ्यात, मजुरीला गेलो तेव्हा भिवंडीकडच्या वीटभट्टीवर. राखेच्या ढिगामागे लाडक्या बसला होता आणि करड्या राखेवर रक्त होतं, कुंकू सांडल्यासारखं. तो बराच वेळ बघत राहिला. मग पायाने वर राख लोटली.

"भट्टीची गरमी," सोबतचे म्हणाले. "सगळ्यांनाच होतं." त्याने सब्जा प्यायला, कांदा खाल्ला. गावी परतल्यावर वैदूने मूळव्याध सांगितली आणि एक मुळी त्याच्या करगोट्याला बांधली. मी खुंटीवरून बघत होतो. रक्त थांबायचं, पुन्हा यायचं. प्रत्येक वेळी मीच ते धुऊन टाकायचो.

उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या. पोशी ओहोळात खड्डा उकरायची, करवंटीने पाणी उपसून हंडा भरायची आणि चढ चढून आणायची. त्या पाण्याचा थेंबन् थेंब तिच्या ध्यानात असायचा.

"आत्ताच तर भरून नेलंस. पुन्हा?" एका सकाळी तिने हटकलं. "पाणी काय तुझी सासू आणून देती?"

"पोट बिघडलंय."

"होळीधरनं? रोजच?"

तिची नजर त्याच्या कमरेवर गेली. करगोटा पार ढिला होऊन मुळी मांडीवर लोंबत होती.

"एवढा कधी सुकलास रं?" तिचा आवाज एकदम खाली आला.

लाडक्या माझ्याकडे पाहत म्हणाला, "रगत पडतं."

पोशीने हंडा तिथेच ठेवला. त्याच दिवशी जीपने जव्हार गाठलं. तिथे सोय असेल नसेल म्हणून पिशवीत मलाही घेतलं. सरकारी दवाखान्यात डॉक्टर बाई होत्या.

"बाईमाणसासमोर नाय," लाडक्या दारातच अडला.

"मी काय बाप्या हाय?" पोशी म्हणाली. "माझ्यासमोर मरशील ते चालंल?"

तो आत गेला.

"मूळव्याधच वाटते सगळ्यांना," बाई म्हणाल्या, "आणि वय लहान असलं की दुसरं काही मनातच येत नाही. पण तपासल्याशिवाय मी सोडणार नाही." त्यांनी बोटाने आतून तपासलं. गाठ लागली. हात धुताना त्यांचा चेहरा गंभीर झाला होता.

पुढचे दिवस नाशिकला एका खाटेखाली गेले. अंधारात मला डोंगर तरंगताना दिसायचे. वरून शब्द गळून यायचे: दुर्बीण, मोठं आतडं, कर्करोग, ऑपरेशन. लाडक्या वाचला. आता त्याच्या पोटावर पिशवी असते, मळ तिच्यात येतो. तिथल्या डॉक्टरांनी आणखी एक बजावलं: सख्ख्या भावाने तक्रार नसली तरी दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.

धाकटा सुकऱ्या ऐकेना. "मला काय झालंय?"

"काय नाय झालं. म्हणूनच चल," लाडक्या म्हणाला.

"लोक हसतील, दादा. कुठून नळी घालतात ते ठावं हाय ना?"

लाडक्याने सदरा वर केला. एवढे दिवस पोशीशिवाय कोणाला न दाखवलेली पिशवी त्याने अंगणात, भर उजेडात दाखवली.

"हस."

सुकऱ्या हसला नाही. दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ नाशिकला निघाले. सुकऱ्याच्या आतड्यात करवंदाएवढी गाठ निघाली. अजून कर्करोग झाला नव्हता. तिथल्या तिथे ती काढली. परतताना म्हणे त्याने स्टँडवर भजी खाल्ली, आणि लाडक्या नुसता त्याला खाताना बघत राहिला.

आता मला गंज चढलाय, मूठ हलते. घरामागच्या दगडावर लाडक्या पिशवी धुतो, तेव्हा पाणी मीच ओततो. डोळा लागला की वाटतं, पाण्याबरोबर मीही वाहत दरीत चाललोय.

जाण्याआधी एवढंच मागतो. सगळं वाहून नेणं हे माझं काम, आणि त्याचीच मला भीती वाटते. मला कलता करण्याआधी एकदा खाली बघत जा. लाल दिसलं तर वयाकडे पाहू नका, लाजू नका, घरात सांगा आणि दवाखाना गाठा. माती आमच्यासारखी लाल असेल, तर आधी पळसाचं एक पान अंथरा. पानावर काही लपत नाही.