पाहुणे आले, पण मला कुणी पेटवेना

ऐका हो, मी स्टोव्ह बोलतोय! दहा वातींचा, निळ्या रंगाचा, घासलेटवर चालणारा. वर्ध्याजवळच्या मोठ्या आंजी गावातल्या मालगुजारांच्या बंगल्यात, पाहुण्यांच्या खोल्यांमध्ये माझा मुक्काम असतो. चालणारा म्हटलं खरं, पण पहिली सहा वर्षं मी एकदाही चाललो नाही. स्टोव्हच्या जन्माला येऊन सहा वर्षं थंडगार बसायचं म्हणजे काय, हे तुम्हाला नाही कळायचं.

१९७६ साली धुरपतानं मला वर्ध्याच्या बाजारातून आणलं. धुरपता ही बंगल्याची सून. नवरा प्रभाकर नागपूरला नोकरीत, रविवारी येणारा. एरवी घरात ती आणि सासरे महादेवराव. बंगल्याच्या एका अंगाला जुन्या कचेरीच्या दोन खोल्या होत्या. मालगुजारी होती तेव्हा तिथं सारा भरायला माणसं येत, पुढं चळवळीच्या सभा भरल्या. सेवाग्राम-पवनार पाहायला येणारे लोक हा बंगलाही पाहायला येऊ लागले, तेव्हा प्रभाकरनं त्या खोल्या सुटीत राहणाऱ्यांसाठी नीट केल्या. वेगळं दार, वेगळी न्हाणी, स्वयंपाकाचा ओटा. दारावर पाटीही लावली, ‘आपला स्वयंपाक आपण करावा.’

धुरपतानं माझ्या वाती कापल्या, घासलेट भरलं आणि माझ्याशीच बोलली, “पाहुण्याईचा सयपाक तुयावर झाला का मी मोकळी. मंग मले बालवाडीत जाता येते.” गावात बालवाडी निघाली होती आणि बाई म्हणून तिलाच विचारलं होतं. सकाळी साडेसातला हजर व्हायचं. तिला ती नोकरी किती हवी होती, हे तिच्या आवाजावरून मला पहिल्याच दिवशी समजलं.

पण महादेवराव! त्या माणसाचं काय करावं सांगा. मन राजाचं, हट्टही राजाचा. पाहुणा आपल्या दाराशी उतरून स्वतः चूल पेटवतो, ही कल्पनाच त्यांना सोसवेना.

“आमच्या घरी पाहुण्यानं सोताच्या हातानं सयपाक करावा? गाव शेन घालन ना माह्या तोंडात!”

“मामाजी, पाटीवर तसंच लिवलं हाय ना,” धुरपता म्हणाली.

“पाटी प्रभाकरनं लावली. घर माहं हाय.”

झालं! त्यांच्या घरचं ताट पाहुण्यांना दोन वेळा येणार म्हणजे येणारच. बरं, पाहुण्याला गार पोळी वाढायची नाही हाही त्यांचाच नियम. म्हणजे सकाळी नऊला तवा तापलेलाच हवा आणि तव्यापुढं धुरपता हवीच. बालवाडीनं महिनाभर वाट पाहिली आणि दुसरी बाई नेमली. धुरपता त्या दिवशी मला पुसायला आली आणि ओट्याशी नुसतीच उभी राहिली. मला भयंकर राग आला. कुणाच्या कामाचा नसलेला राग, पण आला.

एकदा नागपूरचं एक नवं जोडपं आलं. पिशवीतून कांदे काढले, वांगी काढली. नवरा म्हणाला, “आज भाजी मी करतो.” बाईनं काडी ओढली. काडी माझ्या वातीजवळ आली, अगदी बोटभर अंतर राहिलं आणि दारावर महादेवरावांची थाप! “भाऊसाहेब, काऊन तरास करून राह्यले? ताट येऊन राह्यलं ना!” बाईनं फुंकर मारून काडी विझवली. ती वांगी तिसऱ्या दिवशी गाईला गेली. जाताना ते दोघं कुरकुरत गेले की सोय वेगळी म्हणून आलो आणि इथं तर सासुरवाडीसारखं बसवून ठेवलं. पुढच्या एका पाहुण्यानं माझ्या डोक्यावर फुलदाणी ठेवली. फुलदाणी! माझ्या पोटात पालीनं अंडी घातली ती वेगळीच.

१९८२ साली बालवाडीची जागा पुन्हा रिकामी झाली. शनिवारपर्यंत कळवा, असा निरोप आला. त्याच सोमवारी अकोल्याहून आनंदाबाई उतरल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, कडक. ताट घेऊन आलेल्या धुरपताचा चेहरा पाहून त्यांनी तिला खाली बसवलं आणि तिच्या तोंडून सगळं काढून घेतलं.

“असं आहे होय? चार दिवस कळ काढ पोरी,” त्या म्हणाल्या.

त्यांनी जेवून ताट घासलं. मग फुलदाणी उचलली, माझं पोट साफ केलं, नव्या वाती घातल्या आणि काडी लावली. पेटलो हो मी पेटलो! आधी धूर केला, खोकलो, मग निळा जाळ धरला. त्यांनी उकडपेंडी केली आणि आपल्या वाटीत भरून, त्याच ताटात ठेवून स्वतः महादेवरावांपुढं नेऊन ठेवली. “दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, अशी आमच्याकडे रीत आहे.”

रीत तर महादेवरावांचीही तीच. आता आनंदाबाईंची वाटी रिकामी कशी जाईल? संध्याकाळी त्यांच्याकडून सांबारवडी आली. उलट माझ्यावरचा गोळाभात गेला. पुरणपोळी आली, पिठलं-भाकरी गेली. धुरपताची कंबर मोडली, माझ्या वाती झिजल्या. आणि अन्न टाकायचं नाही हा महादेवरावांचा तिसरा नियम, म्हणून आनंदाबाईंकडचं सगळं त्यांनाच संपवावं लागे. शुक्रवारी सकाळी ते पोटावर हात ठेवून खोलीच्या दाराशी आले.

“बाई, हात जोडतो. आता ताट रिकामं पाठवा.”

“मी रिकामं पाठवणार नाही. तुम्हीच पाठवू नका,” आनंदाबाई म्हणाल्या. “पाहुण्याला भूक लागली तर तो पेटवेल स्टोव्ह. तुमची सून उद्या निरोप देणार आहे. देऊ द्या तिला.”

महादेवरावांनी घराकडं तोंड वळवून सुनेला हाक मारली. मग म्हणाले, “दे बाई धुरपता निरोप.”

तुम्हाला वाटेल, आता माझी कटकट संपली. मलाही वाटलं होतं. सोमवारी धुरपता बालवाडीत गेली, नवे पाहुणे आले, त्यांनी काडी काढली आणि दारावर पुन्हा थाप! ताट नव्हतं. महादेवराव स्वतःच आत आले, धोतर खोचलं, पाहुण्याच्या हातून काडीपेटी घेतली. “तुमी बसा. मी करतो.”

तेव्हापासून चार वर्षं झाली, हेच चाललंय. पाहुणा पाटावर बसून पाहतो आणि महादेवराव माझ्यावर वरण उतू घालतात. माझा निळा रंग जळून गेला, वातींवर डाळीचे थर चढले, पोळी तर रोजच करपते. पेटवा पेटवा म्हणून झुरत होतो, आता विझवा हो म्हणून ओरडतो. खोल्या घेणाऱ्यांनो, हात जोडून सांगतो, यांच्या आधी उठा आणि मला तुम्हीच पेटवा. नाहीतर गपगुमान जेवा, दुसरा इलाज नाही.

आज सकाळचीच गोष्ट. धुरपता खांद्याला पिशवी लावून खिडकीखालून निघाली होती. महादेवरावांनी पातेल्यात डाव घातला आणि ओरडले, “धुरपता, तिखट किती टाकू वं?”

ती थांबली नाही. चालता चालताच म्हणाली, “चाखून पाहा ना, मामाजी. मले उशीर होऊन राह्यला.”