अर्धा अंश

२०१६ च्या नोव्हेंबरात हृषिकेशच्या घरातला थर्मोस्टॅट बिघडला. निदान त्याला तरी तसं वाटलं.

जर्मनीतल्या डार्मश्टाट शहराच्या कडेला मे महिन्यात घेतलेलं ते जुनं घर. आधीच्या मालकाने त्यात हीट पंप बसवला होता. फरशीखालच्या नळ्यांमधून हिवाळ्यात गरम पाणी फिरायचं, उन्हाळ्यात गार. कधी किती फिरवायचं हे पॅसेजच्या भिंतीवरचा एक पिवळट पडलेला थर्मोस्टॅट ठरवायचा. त्याच्यावर दिसायचं वीस अंश, आणि घरात मात्र सगळे घामाघूम. स्वयंपाकघरातला साधा तापमापक पंचवीस दाखवायचा.

हृषिकेश अंतराळ केंद्रात उपग्रहांच्या तापमानाचे आकडे बघायचं काम करायचा. कुठली बॅटरी गार पडतेय, कुठला कॅमेरा तापतोय, हे त्याला हजारो किलोमीटरवरून कळायचं. आकडा चुकत असेल तर आधी सेन्सरवर संशय घ्यायचा, ही त्याची वर्षानुवर्षांची सवय. त्याने इंटरनेटवर दोन संध्याकाळी घालवून एक नवा थर्मोस्टॅट निवडला. काळी काच, फोनवरून चालणारा, दिवसाच्या प्रत्येक तासासाठी वेगळं तापमान लावता येणारा. स्वतःच बसवला. तीन दिवस छान गेले. चौथ्या दिवशी वारा सुटला, आणि घर पुन्हा तापलं.

"हाही डिफेक्टिव्ह निघाला," तो बायकोला, शमिकाला म्हणाला. "परत पाठवतो. आता माणूसच बोलावू."

"बोलाव. पण या वेळी आईला वापरता येईल असं काहीतरी घे," शमिका म्हणाली.

शमिकाची आई, यमुनाबाई, ऑक्टोबरात तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. वय एकाहत्तर. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नजरेच्या मधोमध डाग आला होता. घरात त्या बिनधास्त वावरायच्या, चहा करायच्या, पण अक्षर किंवा आकडा दिसायचा नाही. शमिका आणि हृषिकेश कामावर आणि नऊ वर्षांची ऋचा शाळेत गेली, की दिवसभर त्या एकट्या असायच्या. त्या काळ्या काचेवर त्यांनी बोट ठेवलं की ती उजळायची, आणि पुढे काय करायचं ते त्यांना कळायचं नाही. तक्रार मात्र त्यांनी केली नव्हती. उकडलं की त्या खिडकी उघडून बसायच्या.

गुरुवारी दुपारी हीटिंगची कामं करणारे हेर ब्रोकमान आले. साठीचे, जाडजूड बोटांचे, फारसं न बोलणारे. हृषिकेश त्या दिवशी घरून काम करत होता आणि ऋचा नुकतीच शाळेतून आली होती. काचेचा थर्मोस्टॅट परत जाणार होता, म्हणून भिंतीवर पुन्हा जुनाच लावला होता. ब्रोकमाननी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन थर्मोस्टॅट मांडले. एक काचेचा. दुसरा चार बारीक बटणांचा. तिसरा पांढरा, मध्ये गोल फिरवायची चकती.

"आठवड्याचा प्रोग्रॅम तिघांतही लावता येतो," ते जर्मनमध्ये म्हणाले. "सकाळी सहाला किती, दुपारी किती, रात्री किती. गरम आणि गार, दोन्ही. तर मग, निवड तुमची."

हृषिकेश माहितीपत्रकं वाचू लागला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला यमुनाबाई मटार सोलत होत्या.

"हृषिकेशराव," त्या म्हणाल्या, "यंत्र बदलून काय होणार? त्याला थंडी वाजतेय."

"म्हणजे, आई?"

"ते जिथे लावलंय ना, तिथे गार येतंय. वारा असला की जास्त. मी रोज तिथून जाते तेव्हा दंडाला लागतं. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

हृषिकेशने जरा संकोचतच ते ब्रोकमानना सांगितलं. ते हसले नाहीत. उठून यमुनाबाईंसाठी वाट करून दिली.

यमुनाबाई पॅसेजमध्ये गेल्या. थर्मोस्टॅटसमोर उभ्या राहिल्या, डोळे मिटले, आणि चेहरा भिंतीच्या इतका जवळ नेला की उजवी पापणी जवळजवळ त्याला टेकली. मग हळूहळू खाली आल्या. ऋचा तोंड उघडं टाकून बघत होती.

"इथून," त्यांनी डाव्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "वरून नाही. आतून येतंय."

ब्रोकमाननी स्क्रू काढले. मागे भिंतीत एक नळी होती, तिच्यातून वायर आलेली. त्यांनी खिशातून टिश्यू काढून त्याची एक पट्टी तिच्या तोंडाशी धरली. ती हलली, आडवी झाली आणि तशीच फडफडत राहिली.

ब्रोकमाननी वाकून नळीत डोकावलं.

"ही थेट बाहेर पंपापर्यंत जाते," ब्रोकमान म्हणाले. "कुणी बुजवलीच नाही. बाहेरची थंड हवा सेन्सरवर येते, त्याला वाटतं घर गार आहे. कुठलाही थर्मोस्टॅट लावला असता तरी हेच झालं असतं." मग ते थांबले. "जुलैमध्ये फरशी फार गार व्हायची का?"

हृषिकेशला आठवलं. जुलैच्या उन्हात घरात सगळे मोजे घालून फिरत होते. तेव्हा तो गारवा त्याला जुन्या घराचा गुण वाटला होता. बाहेरची गरम हवा तेव्हाही त्याच नळीतून येत असणार.

"गेनाऊ, अगदी तेच," ब्रोकमान म्हणाले. त्यांनी पिशवीतून तापमान मोजायचं उपकरण काढलं, पण चालू न करता यमुनाबाईंकडे वळले. "त्यांना विचारा, या खोलीत किती आहे?"

यमुनाबाईंनी मनगटाची आतली बाजू हवेत धरली. "पंचवीसला थोडं कमी."

उपकरणावर आलं २४.७.

ऋचाच्या खोलीत त्या म्हणाल्या, साडेतेवीस. निघाले २३.४. न्हाणीघरात वीस म्हणाल्या आणि दारातच थांबून म्हणाल्या, "नाही, एकवीस. फरशी ओली आहे, म्हणून फसले." निघाले २१.१.

ब्रोकमाननी उपकरण बंद केलं आणि दोन्ही हातांत धरून उभे राहिले. "हे त्या कुठे शिकल्या?"

हृषिकेशने प्रश्न मराठीत सांगितला. लग्नाला बारा वर्षं झाली होती. सासूबाई सरकारी नोकरीत होत्या, कोल्हापूरकडे, कोंबड्यांच्या खात्यात, एवढंच त्याला माहीत होतं.

"उबवणी केंद्रात होते मी," यमुनाबाई म्हणाल्या. "एकतीस वर्षं. अंड्याला साडेसदतीस अंश लागतात, किंचित वर. अर्धा अंश जास्त झाला आणि तसाच राहिला, तर पिल्लं पांगळी निघतात. आणखी वाढला तर निघतच नाहीत. आमचे तापमापक काही धड नव्हते. म्हणून दर दोन तासांनी प्रत्येक ट्रेमधलं एक अंडं घ्यायचं आणि असं लावायचं." त्यांनी रिकामी मूठ पापणीवर ठेवली. "पापणीची कातडी सगळ्यांत पातळ. तिला बरोबर कळतं."

हृषिकेश एकेक वाक्य जर्मनमध्ये सांगत होता.

"चौऱ्याण्णव साली एक यंत्र अडकलं. तापमापक मात्र साडेसदतीसच दाखवत होता. मी साहेबांना म्हटलं, अंडी तापलीत. ते म्हणाले, बाई, आकडा बघा. मी आकडा बघितला आणि यंत्राची दारं उघडली. त्यांनी मेमो दिला मला. मग दुसऱ्या दिवशी जिल्ह्याहून नवा तापमापक आला, तेव्हा कळलं, जुना खोटं दाखवत होता."

"आणि?"

"अकरा हजार पिल्लं निघाली. मेमो काही परत घेतला नाही." त्या सहज म्हणाल्या. मग त्यांचा आवाज थोडा खाली आला. "पण खरी गंमत शेवटच्या दिवसांत असते. अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी जिवंत अंडं स्वतःच ऊब द्यायला लागतं. मेलेलं अंडं यंत्राइतकंच गरम असतं, जिवंत त्याच्याहून जरासं जास्त. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात. पापणीला लावलं की कळतं, आत कुणीतरी आहे."

हे वाक्यही हृषिकेशने जर्मनमध्ये सांगितलं. समोर उभ्या असलेल्या या बाईने असं किती वेळा केलं असेल? त्याने मनात हिशोब मांडायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. रोज ज्या आकड्यांकडे तो बघत होता, त्यांच्या पलीकडे कुणीतरी आहे की नाही, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता.

ब्रोकमाननी नळी बुजवली. मग टेबलावरचे काचेचा आणि बटणांचा असे दोन थर्मोस्टॅट पिशवीत ठेवले आणि चकतीचा यमुनाबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो फिरवला. प्रत्येक टप्प्याला टक असा आवाज होत होता.

"एक टक म्हणजे किती?"

"अर्धा अंश," हृषिकेश म्हणाला.

"मग हाच. मोजता येईल मला."

तो लावला गेला. प्रोग्रॅम कसा असावा हे हृषिकेशने त्यांनाच विचारलं, आणि त्या सांगत गेल्या तसं भरत गेला. सकाळी वीस, सगळे बाहेर पडल्यावर एकोणीस, ऋचा शाळेतून यायच्या अर्धा तास आधी एकवीस. "घर तिच्याआधी गरम झालेलं असावं," त्या म्हणाल्या. जाताना ब्रोकमाननी हृषिकेशशी हात मिळवला, मग यमुनाबाईंशी, आणि त्यांचा हात त्यांनी जरा जास्त वेळ धरून ठेवला.

शमिका सहा वाजता आली. तिने सगळं ऐकलं, पर्स खांद्यावरून काढायचंही विसरून.

"मला फक्त तिच्या साडीला येणारा भुशाचा वास माहीत होता," ती म्हणाली. "घरी आली की आधी माझ्या कपाळाला पापणी लावायची. मला वाटायचं, लाड करतेय. आई, तू ताप बघायचीस?"

"दोन्ही," यमुनाबाई म्हणाल्या.

ऋचाने फ्रीजमधून एक अंडं आणलं होतं आणि ती ते डोळा मिटून पापणीला लावून बसली होती.

"काल्ट," ती जर्मनमध्ये म्हणाली.

"गार आहे, ते बरोबर," आजी म्हणाली. "पण किती?"

ऋचाने बराच विचार केला. मग अंडं दुसऱ्या पापणीला लावलं.