धुळ्याला हरलेली मॅच

धुळ्याला विभागीय कबड्डीची फायनल आम्ही दोन गुणांनी हरलो, आणि त्या दिवशी मी एका बाईंना भर मैदानात नको नको ते बोललो. त्या बाई होत्या म्हणून आज माझी पोरगी समोर बसून गणितं सोडवते आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण शेवटपर्यंत पोटात ठेवणं मला जमत नाही.

मी नीलेश. चोपडा तालुक्यात माझा केळीचा बाग आहे. डोकं गरम आणि जीभ त्याहून गरम, असं बायको ज्योत्स्ना म्हणते, आणि गावात कुणी तिचं म्हणणं खोडून काढत नाही. कबड्डीचं मला वेड आहे. एकुलती एक मुलगी ऋतिका नववीत, शाळेच्या संघात चढाई करते. ती ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत निघाली की मैदानाबाहेर माझाही श्वास कोंडतो. ती फायनल जिंकलो असतो तर पोरी राज्य स्पर्धेला गेल्या असत्या.

मध्यंतराला आम्ही तीन गुणांनी पुढे होतो. त्यानंतर एका चढाईत समोरच्या दोघींनी ऋतिकाला मागून ओढलं आणि पडता पडता तिचं डोकं तिसरीच्या गुडघ्यावर आपटलं. आवाज मला बाहेर ऐकू आला. पण पोरगी लगेच उठली, हात झटकले, हसलीसुद्धा. मी टाळ्या वाजवल्या. रक्त नाही, टेंगूळ नाही. आमच्याकडे अशाला मुका मार म्हणतात, आणि मुका मार कुणी मनावर घेत नाही.

बाद झाली म्हणून ती कडेला जाऊन बसली. कामिनी मॅडम, म्हणजे शाळेच्या खेळाच्या शिक्षिका, तिच्याशी वाकून काहीतरी बोलल्या. पुढच्याच चढाईत आम्हाला गुण मिळाला, ऋतिका पुन्हा जिवंत झाली, आता आत जाणार म्हणून मी ओरडायला तोंड उघडलं, तर मॅडमनी पंचांकडे बदली खेळाडू मागितली.

मी दोरी ओलांडून आत गेलो.

“मॅडम, काय करताय? ठणठणीत आहे ती!”

“डोक्याला लागलंय. आज ती खेळणार नाही.”

“मी बाप आहे तिचा. मी सांगतो, खेळू द्या.”

“बाप तुम्ही आहात, भाऊ. पण संघ माझ्या ताब्यात आहे.”

मग माझी जीभ सुटली. तुम्ही कधी मैदानात उतरला होता का, फुकटचा पगार खाता, पोरींचं वर्ष वाया घालवलं, असं सगळं बोललो. शेकडो माणसं ऐकत होती. मॅडमचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही. “निर्णय माझा आहे,” त्या म्हणाल्या. “मला बोला. तिला काही बोलू नका.”

ऋतिका मान खाली घालून बसली होती. मॅच गेली म्हणून रडत असेल, असं मला वाटलं.

आणि मॅच गेलीच. मी तिथल्या तिथे गावाच्या ग्रुपवर आवाजी मेसेज टाकला, की मॅडमनी मॅच घालवली. तोवर मॅडमनी बाकीच्या पोरी दुसऱ्या शिक्षकांकडे सोपवून रिक्षा बोलावली होती. दवाखान्यात दाखवायचंच म्हणाल्या. ही काय नाटकं, असं पुटपुटत मी मॅच बघायला आलेल्या ज्योत्स्नाबरोबर आत बसलो.

“पप्पा, आपण जिंकलो का?” ऋतिकाने विचारलं.

“दोन गुणांनी हरलो.”

रिक्षा चौकातून वळली आणि तिने पुन्हा विचारलं, “पप्पा, आपण जिंकलो का?”

मी काही बोलायच्या आत ती माझ्या अंगावर ओकली.

दवाखान्यात तिचं स्कॅन चाललं होतं तेव्हा आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. ज्योत्स्ना खालच्या आवाजात म्हणाली, “केळीना घड हातमातून निसटना, ते तुम्ही तो गाडीमा चढू देतस का?”

घड कापला की तो खांद्यावरून अलगद उतरवायचा आणि पानांच्या गादीवर ठेवायचा, हा माझ्या बागेतला नियम. आपटलेला घड मी बाजूला काढतो, कारण हिरव्या केळावर मार दिसत नाही, पिकताना आतून काळा पडतो. तेवढ्यासाठी मी माणसं कामावरून काढली आहेत.

“मंग आंडेरनं डोकं काय घडपेक्षा हलकं शे?” आंडेर म्हणजे लेक. एवढं बोलून ती रडायला लागली. मीही रडलो. मॅडम पाण्याची बाटली घेऊन आल्या, ती ज्योत्स्नाच्या हातात दिली आणि पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

डॉक्टर म्हणाले, रक्तस्राव नाही, पण मेंदूला चांगलाच हादरा बसला आहे. तो बरा व्हायच्या आत डोक्याला दुसरा फटका बसला असता तर मेंदूला सूज येऊन जिवावर बेतू शकलं असतं. “अशा मुलांना त्या दिवशी पुन्हा खेळवायचंच नसतं,” ते म्हणाले. “हिला कुणी थांबवलं?”

मी मॅडमकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर परत मेसेज टाकला. चूक माझी होती, मॅडममुळे माझी पोरगी वाचली, आता कुणाला काही बोलायचं असेल तर मला बोला. ऋतिकाचं सगळं डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे चाललं. सुरुवातीला नुसता आराम, मग अर्धा दिवस शाळा, मग पूर्ण. आधी आधी उजेडाने आणि भांड्यांच्या आवाजानेसुद्धा तिचं डोकं दुखायचं. आमच्या घरात पंधरा दिवस कुणी मोठ्याने बोललं नाही. त्यात मीही आलो, हे विशेष.

एकदा जेवताना मी म्हणालो, “मॅडमची नजर किती तयार! तू हसत होतीस तरी त्यांनी ओळखलं.”

“त्यांनी नाही ओळखलं,” ऋतिका म्हणाली. “मीच सांगितलं. म्हटलं, डोकं फार दुखतंय, दोन दोन दिसतंय. आणि पप्पांना सांगू नका.”

“का गं?”

“तुम्ही चिडला असता.”

एस.टी. उशिरा येते म्हणावं तितक्या सहज तिने हे सांगितलं. मी हातातला घास ताटात ठेवला.

तसाच उठून मी मॅडमच्या घरी गेलो. त्या वह्या तपासत होत्या. मी दारातच विचारलं, “मॅडम, पोरीनेच सांगितलं होतं, तर मला तेव्हा का नाही बोललात? माझ्या एवढ्या शिव्या का खाल्ल्या?”

त्यांनी वही मिटली. “भाऊ, तेव्हा तुम्ही तिच्यावर ओरडला असता, तर पुढच्या वेळी तिने मलाही सांगितलं नसतं. मग कुणालाच कळलं नसतं.”

रस्ताभर मी बरंच काही जुळवून आणलं होतं. ते सगळं सोडून मी हात जोडले. “मॅडम, तुमचे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत.”

“बसा, चहा घ्या,” त्या म्हणाल्या.

दीड महिन्याने डॉक्टरांनी हलकं पळायची परवानगी दिली. मी मुद्दाम मैदानावर गेलो. मॅडम शिट्टी घेऊन उभ्या होत्या, संघातल्या सगळ्या पोरी बघत होत्या. दुसऱ्याच फेरीला ऋतिका थांबली. मॅडम तिच्या जवळ होत्या, मी लांब होतो. तरी ती अख्खं मैदान ओलांडून माझ्याकडे आली.

“पप्पा, डोकं दुखायला लागलंय.”

मला इतका आनंद झाला की काय सांगू. पोरीचं डोकं दुखतंय आणि बापाला आनंद होतोय, म्हणजे बघा. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“बरं केलंस सांगितलंस,” मी म्हणालो. “चल, घरी जाऊ.”