गाळलेले सातवे रीळ

मी एका चित्रपटाचे सातवे रीळ बोलतो आहे. एका गुप्तहेराच्या लांबलचक मालिकेतील हा सहावा चित्रपट. मालिकेतला पडेल चित्रपट कोणता असे विचारले, तर लोक याच्याकडे बोट दाखवतात.

१९८४ साली, हिंदी आवाज चढवून, आम्ही बारा रिळे जालन्यास आलो. तातेराव नावाच्या मालकाच्या फिरत्या टॉकीजने आम्हाला राजूरला नेले. गणपतीच्या यात्रेत तंबू लागला. पुरुष एकीकडे, बाया एकीकडे, मध्ये कनात.

मालिकेच्या इतर भागांत हा गुप्तहेर माणसे मारतो आणि विसरतो. आमच्यातही तिसऱ्या रिळात तो एका पहारेकऱ्याला मारतो. माझ्यात मात्र तो जखमी होऊन एका म्हातारीच्या घरी लपतो. ती त्याला जेवू घालते. जेवताना भिंतीवर त्याला त्याच पहारेकऱ्याची तसबीर दिसते. घास हातातच राहतो. माझ्यात एवढेच घडते. म्हणूनच शेवटच्या रिळात निःशस्त्र शत्रू समोर असूनही तो बंदूक खाली ठेवतो.

मारामारी नाही, म्हणून तातेरावांनी मला पहिल्याच खेळाला गाळले. मग शेवटी बंदूक खाली गेली की तंबू खवळे.

"अय, गोळ्या सरल्या का रे?"

"बांगड्या भर, हिरो!"

बंदूक का खाली गेली, ते कारण माझ्यापाशी डब्यात बंद होते. निंदा साऱ्या चित्रपटाची झाली.

यंत्र चालवणाऱ्या महेमूदला हे सोसवेना. घरी आई रहिमाबी अंथरुणाला खिळलेली; नोकरी हीच एक. तरीही तो बोलला.

"मालक, सातवं गाळलं तं पिच्चरला मतलबच राह्यत न्हाई."

"मतलब तुझ्या खिशात ठेव. पब्लिक ठोकाठोकी बघायला येऊन राह्यली, म्हातारीच्या घरचं जेवण न्हाई."

"एकडाव लावून तं बघा."

"लावलं तं दुसऱ्या दिवशी दिसायचं न्हाई. समजलं?"

यात्रेच्या शेवटच्या दिवशी महेमूदने मला यंत्रावर चढवले. शिट्ट्या सुरू झाल्या. तेवढ्यात कनातीपलीकडून, देवळापुढे नारळ विकणारी गोजरबाई कडाडली, "गप बसा रे मुडद्यांनो! त्याला घास उतरंना, दिसत न्हाई का?"

तंबू गप्प झाला. त्या दिवशी बंदूक खाली ठेवली गेली, तेव्हा कोणी हसले नाही.

तातेरावांनी शब्द खरा केला. महेमूदने मला डब्यात घातले, बाहीने झाकण पुसले आणि आपली पेटी उचलली. तो पुन्हा दिसला नाही. मीही पुन्हा पडद्यावर गेलो नाही. दुसऱ्या गावी पुन्हा अकराच रिळे लागली, पुन्हा त्याच शिव्या.

पुढे घरोघर टीव्ही आले, तंबू उठले, आम्ही भंगारात गेलो. दोन हजार सालानंतर तीर्थपुरीच्या कचरूने पाखरे उडवायला मला ज्वारीवरून ताणून बांधले. ऊन माझी चित्रे रोज थोडी थोडी पुसते.

परवा शेजारी कडूबाने विचारले, "कोण्या पिच्चरची पट्टी रे ही?"

"त्या जासूसाची. यात्रेत आल्ता बघ, बिलकुल बंडल."

"तो भित्रा व्हय? शेवटी बंदूक टाकणारा?"

"तोच."

दोघे हसत बांधावरून गेले. मी वाऱ्यावर फडफडत राहिलो. मला दुसरे काही येत नाही.

सज्जनहो, देव निवाडा करतो तो सारे पाहून. तुम्हाला तेवढा वेळ नसेल, तर निवाडा करू नका.