पाठीचा पट्टा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला कामावर सगळे पैलवान म्हणायचे, आणि उगाच नाही म्हणायचे. वर्षातून एकदा प्रत्येक लिफ्टमध्ये पंचवीस-पंचवीस किलोचे लोखंडी ठोकळे रचून ती भार पेलते का, हे बघावं लागतं. बाकीचे एकेक ठोकळा पोटाशी धरून कुंथत यायचे. हा दोन हातांत दोन घेऊन यायचा, वर गप्पा मारत. आणि हाच गडी संध्याकाळी घराच्या जिन्यात थांबून पिशवीतून पाठीचा पट्टा काढायचा, शर्टाच्या आत आवळायचा आणि कण्हत दार वाजवायचा. एक-दोन दिवस नाही, सहा वर्षं! आता काय म्हणावं अशा माणसाला?

झालं होतं असं. पन्नाशीला टेकला असताना तो एकदा बायकोजवळ गेला आणि शरीराने ऐनवेळी साथ दिली नाही. बायको म्हणाली, "असू दे, दमला असाल." पुढच्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला तर आधीच धास्ती, मग कसलं काय. आपल्याला ताठरता येत नाही, हे त्याने स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. लिफ्ट अडकली की लोक नुसती बटणं दाबत बसतात, वेळेवर कळवत नाहीत, म्हणून हा रोज त्यांच्यावर डाफरायचा. स्वतःच्या बाबतीत मात्र मूग गिळून बसला. चौथी खेपच येऊ नये म्हणून त्याने सांगून टाकलं, "पाठ धरलीये. डॉक्टरांनी कडक जागी झोपायला सांगितलंय." कुठला डॉक्टर नि कुठलं काय! बाहेरच्या खोलीत सतरंजी पडली ती पडलीच.

बायकोने त्याची पाठ मनावर घेतली. घर तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टवाल्याच्याच इमारतीला लिफ्ट नाही. गॅसची टाकी, बाजाराच्या पिशव्या, दुरुस्तीला गेलेला मिक्सर, सगळं तीच वर चढवायची. "तुम्ही हात लावू नका," म्हणायची. रोज चहा झाला की वाटीत तेल कोमट करून त्याची धडधाकट पाठ चोळायची. असं करता करता तिचीच कंबर गेली. वाकली की भिंत धरून उठायची. ते बघताना त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं, आणि तरी दुसऱ्या दिवशी तो जिन्यात पट्टा आवळायचाच.

यंदा कंपनीने सगळ्यांची तपासणी केली. याची साखर भलतीच वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाई त्याच्या मुलीच्या वयाच्या. कागदावरून नजर न काढता त्यांनी विचारलं, "संबंधांच्या वेळी काही अडचण?"

तो म्हणाला, "आहे." एवढा एक शब्द बोलायला त्याला सहा वर्षं लागली होती.

"कधीपासून?"

त्याने सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, तेव्हाच यायला हवं होतं. तिथल्या रक्तवाहिन्या बारीक असतात, त्यामुळे बिघाड बऱ्याचदा आधी तिथे दिसतो. कदाचित तेव्हाच साखर पकडता आली असती. आता साखर आटोक्यात आणू, हृदयही तपासून घेऊ. सिगारेट सोडा, चालायला लागा. यावर गोळ्याही आहेत, पण हृदय तपासल्याशिवाय नाही, आणि दुकानातून परस्पर आणायच्या नाहीत. फरक पडतो बऱ्याच जणांना. मंगळवारी काकूंना घेऊन या."

त्या संध्याकाळी जिन्यात त्याने पट्टा काढला, पण बांधला नाही. हातात धरूनच घरात शिरला. बायको वाटीत तेल ओतत होती. तो स्टुलावर बसला आणि तिच्याकडे न बघता सगळं बोलून मोकळा झाला. शेवटी म्हणाला, "पाठ कधी दुखतच नव्हती गं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

त्याने मान वर केली.

"दुसऱ्याच वर्षी. तुम्ही चष्मा विसरला होतात, म्हणून कामावर द्यायला आले होते. दोन हातांत दोन ठोकळे, आणि हसत होतात. तशीच माघारी फिरले."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? म्हटलं, माणसाला आपला कंटाळा आलाय, सांगवत नाही म्हणून पाठीचं निमित्त करतोय. मी तेव्हापासून आरशात धड बघितलेलं नाही."

माफी मागावी, तर ती कुठून सुरू करायची? "अगं, पण मग ही चार वर्षं तेल कशाला लावत बसलीस?"

तिने वाटी ओट्यावर ठेवली. "तेवढ्या निमित्ताने तरी तुम्हाला हात लावता यायचा."

मग तो उठला, तिला स्टुलावर बसवलं, बोटं तेलात बुडवली आणि तिच्या कमरेवर हात ठेवला.

"इथे दुखतं का?"

"नाही. खाली, डावीकडे."

त्याने हात खाली सरकवला. एवढ्या वर्षांत तिची कंबर नेमकी कुठे दुखते, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.